अग्नीने परत जाऊन काय सांगितलं?

ज्याला सगळं ठाऊक आहे तो प्रश्न कशाला विचारतो, ही शंका गेल्या हिवाळ्यात माझ्या मागे अशी लागली की जेवताना, फिरताना, देवापुढे बसल्यावरही ती डोक्यातून जाईना. शंका तशी पुस्तकी होती. जबलपूरच्या आमच्या कांचघर मोहल्ल्यात दर शनिवारी दुपारी चार वाजता सात-आठ मराठी म्हातारे-म्हाताऱ्या एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी जमतो आणि उपनिषदांतल्या, पुराणांतल्या कथा वाचून त्यांवर बोलतो. त्या शिक्षिकेला आम्ही सगळे नुसतं ‘बाई’ म्हणतो. बाई वाचतात, आम्ही भांडतो आणि शेवटी चहा होतो. त्या हिवाळ्यात बाईंनी विषय काढला होता तो देवाच्या प्रश्नांचा. या कथांमध्ये देव सारखा विचारत असतो. तू कोण, कुठून आलास, तुला काय हवं. सर्वज्ञ म्हणवणाऱ्याला हे विचारायची गरज काय? या एका प्रश्नावर आम्ही पाच शनिवार काढले, आणि पाचही शनिवारी सगळ्यात जास्त मी बोललो.

मी का बोलत होतो ते सांगायचं तर माझी नोकरी सांगावी लागेल. मी इथल्या एका फॅक्टरीत तेहतीस वर्षं तपासणीवर होतो. मशीनवर तयार झालेले नग माझ्या टेबलावर यायचे आणि मी त्यांना गेज लावायचो. गेज म्हणजे पोलादाचा छोटा दांडा. त्याचं एक टोक नगाच्या भोकात गेलं पाहिजे आणि दुसरं जाता कामा नये. इतकं सोपं काम, पण तेहतीस वर्षं केलं की माणूस घरातही तेच करतो. मुलगा उशिरा आला की मी विचारायचो, ‘कुठे होतास?’ आणि त्याच्या उत्तरात फट कुठे आहे ते शोधत बसायचो. माझी बायको मंदा म्हणते, ‘तुम्ही काही विचारलं की माणूस आधी आपले खिसे चाचपून पाहतो.’ मी हसण्यावारी नेत असे. देवावर माझी श्रद्धा होती, रोजची पूजा कधी चुकली नाही, पण त्या श्रद्धेत धाक फार होता. देवही एक मोठा तपासनीस आहे आणि एक दिवस तो आपल्याला गेज लावणार, असंच मी धरून चाललो होतो.

माझ्या विरुद्ध बाजूला असायचा वसंता. वसंता माझ्याच फॅक्टरीत लेथवर होता. त्याचं घर आमच्यापासून तीन गल्ल्या पलीकडे, आणि आमची ओळख नोकरीच्या पहिल्या आठवड्यातली. घराणं मूळ नागपूरकडचं, जन्म जबलपूरचा, त्यामुळे एका वाक्यात वऱ्हाडी आणि हिंदी दोन्ही यायचं. या वसंताशी बावीस वर्षांपूर्वी मी फार वाईट वागलो होतो. ते मी कोणालाच, मंदालाही सांगितलेलं नव्हतं. आणि आता तो आणि सुमनवहिनी घर विकून कायमचे पुण्याला, मुलाकडे निघाले होते. जायला आठ दिवस उरले होते. मी काय केलं होतं ते सांगतोच, पण वाद आधी सांगायला हवा, कारण ते त्या वादानेच उकरून काढलं.

त्या शनिवारी बाईंनी गवताच्या काडीची गोष्ट वाचली. देवांचा विजय झाला आणि ते फुगले. तेव्हा परब्रह्म यक्षाचं रूप घेऊन त्यांच्यासमोर उभं राहिलं. हे कोण आहे ते पाहून ये म्हणून देवांनी अग्नीला पाठवलं. यक्षाने त्यालाच विचारलं, तू कोण? तुझ्यात काय सामर्थ्य आहे? अग्नी म्हणाला, पृथ्वीवर जे जे आहे ते मी जाळू शकतो. यक्षाने त्याच्यापुढे गवताची एक काडी ठेवली आणि म्हणाला, ही जाळ. अग्नीला ती जाळता आली नाही. मग वायू गेला. त्याला तोच प्रश्न, तीच काडी, आणि त्याला ती हलवताही आली नाही.

मी लगेच सुरू झालो. म्हणालो, बघा, मी काय म्हणत होतो? प्रश्न हा सापळा आहे. देवाला उत्तर माहीतच असतं, त्याला फक्त समोरच्याला नापास करायचं असतं. तळ्याकाठच्या यक्षाची गोष्ट घ्या, तिथे तर बापच पोटच्या पोराला न ओळखल्यासारखं करून प्रश्न विचारतो. तपासणी ती तपासणी, तिथे नातं नाही.

वसंता पोह्यांतले शेंगदाणे वेचत होता. तो म्हणाला, ‘अबे, नापासच करायचं होतं तं काडी काहून ठेवली? एक फुंकर मारली असती, अग्नी खतम. तो तं त्याले मौका देऊन राहिला.’

‘कसला मौका?’

‘खरं बोलायचा. तू कोण म्हणून विचारलं. तो म्हणू शकत होता का बाबा, आम्हाले कळून नाही राहिलं, तूच सांग. नाही बोलला. चलो, ठीक. काडी जळली नाही, तवा तरी बोलायचं. तवाही नाही बोलला.’ मग त्याने बाईंना विचारलं, ‘बाई, अग्नीनं परत जाऊन देवायले काय सांगितलं? वाचा न जरा.’

बाईंनी चष्मा सारखा करून वाचलं. अग्नी परत आला आणि म्हणाला, हा यक्ष कोण आहे ते मला कळू शकलं नाही.

‘बस?’ वसंता म्हणाला. ‘काडीचं नाही सांगितलं? म्हंजे बघा. काडी जळली नाही हे त्यानं लपवलं. सांगितलं असतं तं वायू सांभाळून गेला असता. याच्या लपवण्यापायी त्या बिचाऱ्याची फजिती झाली.’

मी इतकी वर्षं त्या कथा वाचतोय, पण हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. बाईसुद्धा पुस्तकाकडे पाहत राहिल्या. कोणी तरी ‘वा’ म्हणालं. मला मात्र वाटलं, हा अग्नीबद्दल बोलतच नाहीये, हा माझ्याबद्दल बोलतोय. आणि सगळ्यांसमोर बोलतोय. खाई त्याला खवखवे. मी इतका चिडलो की उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. म्हणालो, ‘ज्याने आयुष्यभर लोखंड कातलं आणि तेही धड जमलं नाही म्हणून ज्याला स्टोअरमध्ये बसवलं, त्याने उपनिषदाचा अर्थ सांगू नये.’

आमच्यातले तिघे त्याच फॅक्टरीतले होते, त्यांना स्टोअरचं प्रकरण ठाऊक होतं. वसंताने बशी खाली ठेवली, चपला घातल्या आणि तो गेला. चहासाठी थांबला नाही. बाई मला एवढंच म्हणाल्या, ‘तुम्ही आता घरी जा.’

आता ते प्रकरण सांगतो. बावीस वर्षांपूर्वी गणपतीचे दिवस होते. आमच्या मंडळाच्या नाटकात मला नायकाचं काम होतं. सहा वाजता तालीम. मंडळात नाटकाला उशिरा येणं हे फॅक्टरीला उशिरा जाण्यापेक्षा मोठं पाप समजत, आणि त्या वर्षी मला ते काम फार खटपटीने मिळालं होतं. सुटायच्या वेळेला वसंताच्या मशीनवरचा शेवटचा ट्रे माझ्या टेबलावर आला. मी घड्याळाकडे पाहिलं, गेज न लावताच ट्रेच्या चिठ्ठीवर माझा तपासणीचा शिक्का मारला आणि तालमीला पळालो. वसंताचं हत्यार त्या दिवशी झिजलेलं होतं, नगांची भोकं मोठी पडली होती. असं होतंच. मी गेज लावला असता तर ट्रे परत गेला असता, हत्यार बदललं असतं आणि दुसऱ्या दिवशी कोणाला आठवलंही नसतं. पण ते नग पुढे गेले, जुळणीत बसेनात आणि चौकशी लागली.

साहेबांनी मला विचारलं, ‘तुम्ही गेज लावला होता?’ मी हो म्हणालो. ‘मग हे खराब नग आले कुठून?’ मी म्हणालो, ‘तपासणीनंतर कोणी तरी मिसळले असतील.’ कोणाचं नाव मी घेतलं नाही, आणि या गोष्टीचा मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला आधार दिला. पण तपासणीनंतर ट्रे पुढे जाईपर्यंत एकाच माणसाच्या, वसंताच्या, ताब्यात होता. हत्यार झिजणं ही चूक. खराब नग मुद्दाम मिसळणं ही लबाडी. वसंताची चूक होती, मी तिची लबाडी करून टाकली. त्याला लेथवरून काढून स्टोअरमध्ये बसवलं. सुरेख हात होता त्याचा, नवी पोरं त्याच्याकडे शिकायला उभी राहायची. निवृत्तीपर्यंत तो नटबोल्टांच्या खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवत राहिला. आपण नग मिसळले नाहीत हे वसंताला पक्कं ठाऊक होतं, मग उरलं कोण हे कळायला काही उपनिषद लागत नाही. तरी मी स्वतःला समजावलं की त्याला तिसऱ्याच कोणाचा तरी संशय असेल. कारण त्याने मला कधीच काही विचारलं नाही. एकदाही नाही. माझ्याकडे येत राहिला, माझ्या मुलीच्या लग्नात पंगती वाढल्या, माझ्या आईला खांदा दिला.

त्या शनिवारनंतरचे चार दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. रोज सकाळी ठरवायचो, आज जातो. अंघोळ करायचो, शर्ट घालायचो आणि कांचघरच्या बाजारातून भाजी घेऊन परत यायचो. देवापुढे बसलो की वाटायचं, आता हा विचारणार. आणि म्हणून मी फार वेळ बसत नसे. पोथी मिटून उठायचो. वसंता रविवारी जाणार होता. तो गेला की हे सगळं त्याच्याबरोबर पुण्याला जाईल, असंही मनात येऊन गेलं. ते आलं हेही लिहिलं पाहिजे.

गुरुवारी मंदाने मला लम्हेटाघाटावर पिटाळलं. नर्मदेची परिक्रमा करणारे लोक, म्हणजे नदीला उजव्या हाताशी ठेवून पायी तिची पूर्ण प्रदक्षिणा घालणारे, माघात आमच्या बाजूने जातात. मंदा दर वर्षी त्यांना एक दिवस जेवण देते. यंदा तिचा गुडघा धरला होता, म्हणून पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि शिरा घेऊन रिक्षाने मी गेलो. घाटावर एक साधी धर्मशाळा आहे. वाढून झालं, सगळे आडवे झाले, आणि तिथला सेवेकरी मला म्हणाला, ‘दादा, ज़रा यहाँ बैठ जाइए, मैं गैस का सिलेंडर लेकर आता हूँ। कोई आए तो कॉपी पर छाप लगा देना।’

परिक्रमावासींजवळ एक वही असते. जिथे मुक्काम होतो तिथल्या आश्रमाचा शिक्का तिच्यावर घेतात. चाललो याची ती खूण. तेव्हा मी एका टेबलामागे बसलो, पुढ्यात शाईची गादी आणि रबरी शिक्का. मला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नाही. उलट जुन्या सवयीने बरं वाटलं.

एक बाई आल्या. साठीच्या असतील, पांढरं लुगडं, पाय धुळीने भरलेले, एका टाचेला फडकं बांधलेलं. एकट्याच चालत होत्या. मी रीतीप्रमाणे ‘नर्मदे हर’ म्हणालो, उरलेल्या चार पुऱ्या वाढल्या आणि त्या खाऊन झाल्यावर विचारलं, परिक्रमा कुठून उचलली. ‘ओंकारेश्वर से,’ त्या म्हणाल्या आणि वही पुढे केली. नुसता शिक्का मारायचा होता. पण मी तेहतीस वर्षांचा तपासनीस. मी वही पहिल्या पानापासून चाळली. शिक्के ओळीने होते, कुठे त्रिशूळ, कुठे कमळ, कुठे नुसतं गावाचं नाव. आणि शेवटून चौथं पान कोरं होतं. पानं चिकटून राहिली असतील म्हणून मी बोटाला थुंकी लावून पाहिलं. कोरंच होतं.

‘यह पन्ना खाली क्यों है?’ मी विचारलं. माझा आवाज कसा होता ते मला माहीत आहे. तोच फॅक्टरीतला.

त्या जरा थांबल्या. मग म्हणाल्या, ‘बरमान के पहले पाँव पक गया था, भैया। चला नहीं गया। बस में बैठ गई। संकल्प तो पैदल का था। आश्रम में बोले, छाप ले लो माताजी, कौन देखता है। हमने नहीं ली।’ आणि डोळे पुसत हसल्या. ‘अच्छा हुआ आपने पूछ लिया। इतने दिन से सब छाप लगाके आगे बढ़ा देते थे। कोई पूछता, तो हम बोलते।’

मी त्यांना पकडायला विचारलं होतं. माझ्या मनात दुसरं काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. आणि त्याच प्रश्नाने त्या मोकळ्या झाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर लाज नव्हती. डोक्यावरची मोळी कोणी हात देऊन उतरवली की बाईमाणूस जसा श्वास सोडतं, तसा त्यांनी सोडला. मी शिक्का गादीवर दाबला, उचलला, आणि तो हवेतच राहिला. मला तो खाली आणता येईना.

‘लगाओ न, भैया,’ त्या म्हणाल्या. आणि मग, अगदी साध्या आवाजात, ‘हाथ काहे रुक गया?’

मला बावीस वर्षांत कोणी हे विचारलं नव्हतं. मी शिक्का खाली ठेवला आणि बोलायला लागलो. माझं हिंदी एरवी बरं आहे, पण त्या दिवशी मराठी मध्ये येत होतं, तरी त्यांनी थांबवलं नाही. ट्रे, गेज, नाटक, साहेब, वसंता, स्टोअर, गेला शनिवार, सगळं सांगितलं. त्या खाली पायरीवर बसून टाचेचं फडकं सोडून पुन्हा बांधत ऐकत होत्या. माझं संपलं तेव्हा त्यांनी विचारलं, ‘वो भैया अभी हैं?’

‘हैं.’

‘जबलपुर में ही?’

‘रविवार तक.’

‘तो आप यहाँ क्या कर रहे हो?’

मला रडू येत होतं, त्यात हसूही आलं. मी शिक्का मारला. त्यांनी वही कपाळाला लावली, झोळीत ठेवली, ‘नर्मदे हर’ म्हणाल्या आणि अमरकंटकच्या दिशेने चालू लागल्या. मंदाने नंतर विचारलं, ती नर्मदामैयाच होती का हो? मला माहीत नाही. तिच्या टाचेला पू झाला होता आणि तिने मंदाच्या चार पुऱ्या खाल्ल्या होत्या, हे मी पाहिलं. बाकीचं मी ठरवू शकत नाही, आणि आता ठरवायची इच्छाही नाही.

सेवेकरी सिलेंडर घेऊन आला तसा मी रिकामे डबे तिथेच सोडून रिक्षा केली आणि सरळ वसंताच्या घरी गेलो. दार उघडंच होतं. तो जमिनीवर बसून स्टीलची भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होता. मला पाहून त्याने मान वर केली. ‘काहून आला?’

मी म्हणालो, शनिवारी मी जे बोललो ते फार वाईट बोललो, मला माफ कर.

‘ते सोड,’ तो म्हणाला. भांडं गुंडाळायचं त्याने थांबवलं. ‘आन्?’

त्या एका ‘आन्?’ वर मी उभा होतो. मला स्पष्ट दिसत होतं की त्याला सगळं ठाऊक आहे. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तरी तो विचारत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर पकडल्याचा आनंद कुठेच नव्हता. तो नुसता थांबला होता. मी त्याच्यासमोर जमिनीवर बसलो आणि सांगितलं. गेज लावला नव्हता. खोटं बोललो. तुझं नाव घेतलं नाही, पण घेतल्यासारखंच केलं.

त्याने अर्धवट गुंडाळलेलं भांडं बाजूला ठेवलं. मग म्हणाला, ‘मी वाट पाहिली. त्या दिवशी संध्याकाळी वाटलं का तू येशील. मंग वाटलं, विसर्जन झालं का येशील. मंग दिवाळी आली.’

‘मग तू विचारलं का नाहीस मला?’

‘तवा विचारलं असतं तं तू नाही म्हटला असता. मले पक्कं मालूम होतं. मंग ते खोटं आपल्या दोघांत राहिलं असतं, आन् मी तुझ्या घरी येऊ शकलो नसतो.’

मी त्याला शनिवारचं विचारलं, तू मला उद्देशूनच बोलत होतास ना? त्याने कपाळाला हात लावला. ‘नाही बा. मी खरंच अग्नीचं बोलून राहिलो होतो. तुलेच लागलं.’

आतल्या दारात सुमनवहिनी उभ्या होत्या, हातात घडी केलेल्या साड्या. त्यांनी किती ऐकलं होतं ते त्यांच्या तोंडावरून कळलं. त्या म्हणाल्या, ‘हे दोन वर्षं रात्री जेवले नाहीत धड. मी यांनाच म्हणायची का तुम्हीच काही तरी केलं असेल. माझ्या तोंडून मी यांना चोर म्हटलं, भाऊजी.’ मग साड्या खाली ठेवून म्हणाल्या, ‘चहा ठेवते. पण मी तुमच्याशी बोलणार नाही.’ त्यांनी चहा केला, कप माझ्यासमोर ठेवला आणि खरंच बोलल्या नाहीत. मी तो चहा प्यायलो. मला त्याहून वेगळं काही मिळायला नको होतं.

निघताना वसंताने मला दारात थांबवलं. ‘मले सांगितलं, चांगलं केलं. शनिवारी सगळ्यायसमोर सांगशील?’ आणि लगेच म्हणाला, ‘नाही सांगितलं तरी मी काही म्हणणार नाही. विचारून राहिलो फक्त.’ मी हो म्हणालो. शुक्रवारी मंदाला सांगितलं. संध्याकाळी ती म्हणाली, ‘उद्या मीही येते. एकटे जाऊ नका.’

शनिवारी बाईंच्या घरी मी सगळं सांगितलं. बसून सांगता येईना म्हणून उभा राहिलो. फॅक्टरीतल्या तिघांपैकी एकजण म्हणाला, ‘अहो, आता हे उकरून काय उपयोग?’ दुसरा उठून वसंताजवळ गेला आणि त्याचा हात हातात घेऊन उभा राहिला, कारण बावीस वर्षं त्याने वसंताला नमस्कारसुद्धा तोंडदेखला केला होता. तिसरा माझ्याकडे न पाहता निघून गेला, तो आजही माझ्याशी बोलत नाही. बाईंनी मला शाबासकी दिली नाही की उपदेश केला नाही. त्या वसंताला म्हणाल्या, ‘वसंतराव, गेल्या खेपेला तुमचं बोलणं अर्धवट राहिलं. पुरं करा.’ वसंताने बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्याने हातानेच खूण केली, तुम्ही वाचा पुढे. बाई वाचू लागल्या.

रविवारी स्टेशनवर मी आणि मंदा गेलो. सामान चढवलं. वसंता खिडकीशी बसला आणि नेहमीसारखा बडबड करत राहिला, पुण्यात म्हणे पोह्यांवर शेव कमी घालतात. सुमनवहिनी समोरच्या बाकावर होत्या. त्या मंदाशी बोलल्या, माझ्याशी नाही, आणि मी ते धरून चाललो होतो. गाडीने हिसका दिला. तेव्हा त्यांनी खिडकीच्या गजांपाशी येऊन माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘भाऊजी, पुण्याला याल ना?’

‘येईन,’ मी म्हणालो. गाडी सुटली होती, म्हणून ओरडून म्हणालो.

देव प्रश्न का विचारतो, यावर माझ्याकडे आता कोणताही सिद्धांत नाही. बाईंकडे शनिवारी मी कमी बोलतो, याचं सगळ्यांना नवल वाटतं. मला एवढंच कळलं की बावीस वर्षं मी त्याच्यापासून तोंड लपवत होतो, आणि तो मला शोधायला हातात गेज घेऊन आला नव्हता. एका अनोळखी बाईच्या तोंडून, मग मित्राच्या, मग त्याच्या बायकोच्या तोंडून त्याने मला विचारलं, आणि उत्तर येईपर्यंत तो थांबला. इतका थांबणारा दुसरा कोणी मला माहीत नाही. मी आता सकाळी नर्मदेचं नाव घेऊन देवापुढे बसतो तेव्हा काही मागत नाही, काही मांडत नाही. त्याने विचारावं आणि मी सांगावं, एवढ्यासाठी बसतो, आणि उठायची घाई करत नाही. पुण्याची तिकिटं चैत्रातली काढली आहेत.